गादी कोरडी राहिली की

४ फेब्रुवारी, रविवार

मामा म्हणाला, "बोलायला माणूस नसेल तर कागदाशी बोल, माझ्या कानाशी नको." मामा म्हणजे आमचा इशारेवाला. कुणाचाच सख्खा मामा नाही, पण साइटवर सगळ्यांचा मामा. तो खालून वॉकीटॉकीवर सांगतो, मी वरून क्रेन फिरवतो. सळया उचल, डावीकडे घे, हळू, अजून हळू, सोड. मधे काँक्रीटची गाडी येईपर्यंत नुसतं बसून राहायचं. माझ्या पायाला भिंगरी, आणि मला बसवलंय काचेच्या डबीत. आजवर एका कामावर वर्षभर टिकलो नाही. बसून बसून डोकं फिरायला लागलं की मी वॉकीटॉकीवर मामाला पिडतो. म्हणून त्यानेच हे पॅड आणून दिलं.

सातवीनंतर पेन धरलं ते सह्यांपुरतं. अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. वाचणार कोण आहे.

एकदा शिडी चढलं की जेवायच्या सुट्टीशिवाय खाली नाही. त्यामुळे केबिनमध्ये दोन बाटल्या असतात. एक पाण्याची, एक दुसरी. दुसरीला लाल चिंधी बांधलेली आहे, कारण माझ्या आधीच्या गड्याने एकदा घाईत न बघता तोंडाला लावली होती म्हणतात. हा विनोद इथे रोज कुणीतरी करतो.

घर सोडून दोन महिने होत आले. निघालो ते मात्र हुशारीने निघालो. माझी लेक ठकी सहा वर्षांची, पहिलीत आहे. माझ्या दंडावर डोकं ठेवल्याशिवाय झोपत नाही. जागी असती तर घर डोक्यावर घेतलं असतं. आई म्हणाली, पोर झोपेत आहे तोवर निघ, तिलाही त्रास नको आणि तुलाही. पहाटे तिचं डोकं दंडावरून अलगद उशीवर सरकवलं, चपला हातात घेतल्या आणि सटकलो. ना रडारड, ना पायाला मिठी. खोलीवरचा फिटर सांगतो, त्याच्या पोराने गाडीमागे पळून गुडघे फोडून घेतले. आमच्याकडे असलं काही झालं नाही.

११ फेब्रुवारी, रविवार

आज घरी फोन. ही, म्हणजे माझी बायको, आधी इकडचं तिकडचं बोलली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "ठकी परत गादी ओली करायला लागलीय."

"परत म्हणजे? तीन वर्षांची असल्यापासून बंद होतं ना?"

"होतं. तुम्ही गेल्यापासून सुरू झालंय. मला वाटलं थंडीने असेल, थांबेल."

मला आधी सांगायला काय झालं होतं, कळत नाही. म्हटलं, दे तिच्याकडे. ठकी फोनवर आली. मी म्हणालो, "काय गं घोडे, पहिलीत गेलीस आणि गादीत पोहतेस?" मला वाटलं हसेल. काहीच बोलली नाही. मागून आईचा आवाज आला, "बोल की बापाशी. आता का तोंडात मिठाची गुळणी धरलीस?"

मग मला एकदम सुचलं. म्हणालो, "हे बघ ठके, गादी कोरडी राहायला लागली ना, की मी लगेच येतो."

"खरं?" फोनवर आल्यापासूनचा तिचा पहिला शब्द.

"अगदी खरं."

पोरांना असंच काहीतरी ठरवून द्यावं लागतं. नुसतं रागावून उपयोग नसतो. सुट्टीचं म्हणाल तर स्लॅब पडल्याशिवाय साहेब सोडणार नाही. पण कोरडी राहायलाही दिवस लागतीलच की.

१८ फेब्रुवारी, रविवार

दुपारपासून वारा. वारा ठरावीक जोराच्या वर गेला की काम बंद. मग मामाला गप्पा मारायला जोर येतो.

मी नवीन होतो तेव्हा मला वाटायचं, वारा आला की क्रेन जखडून ठेवायची असेल. आपण नाही का, पत्र्यावर दगड ठेवतो. तर उलटंच निघालं. संध्याकाळी उतरताना वळायचा ब्रेक मोकळा करून उतरायचं. मग वारा जिकडे नेईल तिकडे क्रेनचा लांब हात आपोआप वळतो. ब्रेक घट्ट ठेवला तर हात वाऱ्याला आडवा राहतो, सगळा जोर बुंध्यावर येतो, आणि एवढं लोखंड मोडून खाली येऊ शकतं.

मामा म्हणतो, "माणसाला वाऱ्यावर सोडलं तर शिव्या बसतात, क्रेनला नाही सोडलं तर."

घरी फोन केला. गादी ओलीच. मी म्हणालो, "ठके, मग मी कसा येणार?" ती हूं म्हणाली.

२५ फेब्रुवारी, रविवार

आई म्हणते, आता ती गादी पुढच्या कठड्यावर वाळत घालते. गल्लीतली पोरं बघतात. "लाज वाटली की आपोआप बंद होईल." मी म्हणालो बरोबर आहे. हिला ते पसंत नाही. मागच्या बाजूला टाका म्हणते. मागे ऊन येत नाही, हे हिला कोण सांगणार.

ही म्हणाली, "एक गोष्ट बघितलीत का? मधे एखाददुसरा दिवस बरा जातो. पण सोमवारी सकाळी हमखास."

"रविवारी पाणी जास्त पीत असेल. सुट्टी, खेळणं, ऊन."

 ही म्हणाली, "तुम्ही तिला दर वेळी तेवढंच विचारता."

"मग काय विचारू? बाप आहे मी. लक्ष नको द्यायला?"

"द्या. पण उंटावरून शेळ्या हाकू नका."

मामाला सांगितलं तर पोट धरून हसला. "उंटावरून? अरे, तू बसतोस तिथून उंटसुद्धा शेळीएवढा दिसतो."

मला नाही हसू आलं. मी इथे सगळ्यांच्या डोक्यावर लोखंड फिरवतो आणि अजून कुणाला ओरखडा उठलेला नाही. आणि एक पोर सांभाळायचं मला कळत नाही म्हणे.

१० मार्च, रविवार

आज पेढे वाटावेत असा दिवस. गादी कोरडी. एक दिवस नाही, आठवडाभर. हिचा आवाज मात्र जेवढा आनंदी हवा तेवढा नव्हता. शाळेच्या बाई म्हणाल्या म्हणे, ठकी वर्गात झोपते. बाकावर डोकं टेकलं की गाढ. म्हटलं, त्यात काय, मीही झोपायचो, माझ्यावर गेली. ही म्हणाली, चेहराही उतरलाय. म्हटलं, दात पडायचं वय आहे, उतरायचाच.

ठकी स्वतःहून फोनवर आली. धाप लागल्यासारखं बोलत होती.

"बाबा, कोरडी आहे. आजपण कोरडी आहे. आजीला विचारा."

"शाबास गं माझी वाघीण."

"आता या."

मी असा घेरला जाईन असं वाटलं नव्हतं. म्हणालो, "येतो ना. अजून थोडे दिवस अशीच कोरडी राहू दे, पक्की सवय होऊ दे. मग बघू."

पलीकडे काही नाही. मला वाटलं फोन कट झाला. मग हिचा आवाज आला, "काय सांगितलंत तिला?"

"काही नाही. का, रडतेय का?"

"नाही. जाऊन दाराशी बसलीय."

रडली नाही म्हणजे समजूतदार झाली. मी गेलो तेव्हा रडली असती.

१३ मार्च, बुधवार

साहेबाला सुट्टीचं विचारून बघितलं. त्याने मान वर न करता विचारलं, "घरी कुणी गेलं का?" म्हटलं नाही. "मग?" म्हणाला. मी मागे फिरलो. गादीचं सांगितलं असतं तर साइटभर झालं असतं.

२१ मार्च, गुरुवार

आठवड्याच्या मधे घरून फोन आला तेव्हाच कळलं, काहीतरी बिनसलंय. काम आटपत आलं होतं, मी वरच होतो. ठकीला ताप. शू करताना आग होते म्हणून ओरडते. आणि शाळेत भर वर्गात झाली. पोरं हसली. आता शाळेत जायचं नाही म्हणते.

मग हिने एकेक सांगितलं. पोरीने पाणी सोडलं होतं. सकाळी घोटभर, दुपारनंतर थेंब नाही. शाळेची बाटली रस्त्यात कुंपणाला ओतायची आणि घरी येऊन रिकामी दाखवायची. आणि रात्री झोपतच नव्हती. सगळे झोपले की उठून बाहेरच्या दाराला पाठ लावून बसायची. हिला परवा जाग आली म्हणून दिसली. बसल्या बसल्या डोळा लागला होता, मान लोंबत होती. गादी कोरडी राहणार नाही तर काय होणार. गादीवर कुणी नव्हतंच.

मी म्हणालो, "तू घरात असून काय झोपा काढत होतीस?"

"हो, झोपा काढत होते. दिवसभर राबून रात्री झोपते मी."

"पोर पाणी पीत नाही हे आईला कळत नाही?"

"आणि ती का पीत नाही हे बापाला कळतं का?"

मी फोन ठेवला. ठेवला म्हणजे आपटला. फोनच्या काचेला तडा गेलाय.

कोरडी राहा म्हणालो होतो, पाणी सोड म्हणालो नव्हतो.

२२ मार्च, शुक्रवार

हे लिहू की नको असं सकाळपासून चाललंय. लिहितो. आवडलं नाही तर पान फाडता येतं.

काल तिरीमिरीत शिडी उतरलो आणि ब्रेक मोकळा करायचा राहिला. मला पत्ताच नाही. खोलीत भिंतीकडे तोंड करून पडलो होतो. काळोख पडता पडता मामा दारात आला. "बाहेर ये," एवढंच म्हणाला.

बाहेर धुळीचे लोट, पत्रे धडधडत होते. पलीकडच्या दोन क्रेन वाऱ्याबरोबर वळल्या होत्या. माझी जिथे होती तिथेच, वाऱ्याला आडवी, ताठ. आणि तिच्यातून कुणी कण्हल्यासारखा आवाज येत होता. खाली आमच्या पत्र्याच्या खोल्या.

मामाने शिव्या दिल्या असत्या तर सोपं गेलं असतं. त्याने फक्त कमरेचा पट्टा माझ्या हातात दिला. "बघ बाबा. नसेल होत तर साहेबाला कळवू, वस्ती रिकामी करू."

"चढतो."

रोज चढतो ती शिडी. डोळे मिटून चढेन. पण अर्ध्यावर गेलो आणि एक झोत असा आला की अख्खा बुंधा हलला. वाकला आणि परत आला. मी शिडीला मिठी मारली. पट्ट्याचा आकडा अडकवायला हात सुटेना. तेव्हा मांड्यांना ऊब लागली. आधी कळलंच नाही काय आहे. वाटलं कुठे कापलं, रक्त आहे. मग ती ऊब गुडघ्यापर्यंत गेली, पायताणात गेली, आणि लगेच गार पडली.

मी सव्वीस वर्षांचा आहे.

वर पोचलो, ब्रेक सोडला. क्षणभर काही नाही. मग तिने हळूच हात फिरवला, झोपेत कूस बदलावी तसा, आणि तो कण्हण्याचा आवाज बंद झाला.

खाली आलो. वाऱ्याने पँट वाळली असेल असं वाटत होतं. वाळली नव्हती. मामाने बॅटरी माझ्यावर मारली आणि लगेच खाली जमिनीवर धरली. तशीच धरून चालत राहिला. खोलीपाशी आल्यावर म्हणाला, "आधी कपडे बदल, गार बाधेल. तोवर चहा टाकतो." बाकी एक अक्षर नाही. आजही नाही. मामासारखा चेष्टेखोर माणूस, ज्याला बाटलीच्या विनोदाशिवाय घास उतरत नाही.

पँट रातोरात धुतली आणि पाण्याच्या टाकीमागे, जिथे कुणी जात नाही तिथे वाळत घातली. तिथे ऊन येत नाही. अजून ओलीच आहे.

गादी पुढच्या कठड्यावर टाकायचं मी म्हणालो नव्हतो. आई म्हणाली होती. मी फक्त बरोबर आहे म्हणालो होतो.

काल शिडीवर असताना खालून कुणी ओरडलं असतं, कोरडा राहिलास तर घरी सोडतो, तर थांबलं असतं का? हे सारखं डोक्यात येतंय.

२४ मार्च, रविवार

फोन केला. गादीचं विचारलं नाही. ताप उतरलाय. ही तिला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली होती. लघवीची तपासणी झाली, गोळ्या दिल्या. पाणी तोडल्याने आणि शू धरून ठेवल्यानेच हे झालं म्हणाल्या. दिवसा भरपूर पाजा, ओली झाली तर कुणी चकार शब्द काढायचा नाही, पोरगी हे मुद्दाम करत नाही. धास्ती घेतली की अशी बंद झालेली गोष्ट परत सुरू होते, आणि धास्ती जायला वेळ लागतो.

मग त्यांनी विचारलं, "कधीपासून?" ही म्हणाली, तिचे वडील कामाला गेले तेव्हापासून. "कसे गेले?"

"कसे म्हणजे? गाडीने," मी मधेच म्हणालो.

"तेच मीही म्हणाले. तर त्या म्हणाल्या, तसं नाही, मुलीला सांगून गेले का?" मग हिने पुढचं सांगितलं. "मी म्हणाले, झोपेत होती. त्या लिहीत होत्या, त्या लिहायच्या थांबल्या."

सगळं खापर माझ्या माथी. पोटासाठी घर सोडलं तो गुन्हा झाला. फिटरच्या पोराने गुडघे फोडून घेतले, पण ते शू करत नाही म्हणून फिटर चांगला बाप, असं आहे का?

संध्याकाळी फिटरला विचारलं, पोरगं कसं आहे. म्हणाला, "मजेत. फोनवर यायला वेळ नाही त्याला. सारखा खेळत असतो."

२९ मार्च, शुक्रवार

मामा साहेबाकडे गेला आणि काय बोलला ते सांगत नाही. चार दिवस सुट्टी मिळाली. पलीकडच्या क्रेनचा बदली गडी माझ्या क्रेनवर बसेल. मामाने त्याला माझ्यासमोर दम दिला, "ही बया लहरी आहे, हिला उतरताना विसरू नकोस." माझ्याकडे बघितलं नाही.

२ एप्रिल, मंगळवार. घरी

काल दुपारी पोचलो. दार ठकीनेच उघडलं. हातापायांच्या काड्या झाल्यात. मला वाटलं अंगावर उडी मारेल. ती बघत राहिली, मग वळून आत पळाली. मी चपला काढतोय तोवर गादीचं एक टोक दोन्ही हातांनी ओढत बाहेरच्या खोलीपर्यंत घेऊन आली.

"हात लावून बघा. कोरडी आहे."

आई पदर तोंडाला लावून आत गेली. ही भिंतीकडे बघत होती. मी खाली बसलो आणि हात लावून बघितला. दुसरं काय करायचं मला कळलं नाही. म्हणालो, "हो गं, कोरडी आहे." तेव्हा ती जवळ आली.

रात्री माझ्या दंडावर डोकं. पण झोप नाही. मी डोळे मिटले की हाताने माझा डोळा उघडून बघायची. माझ्या सदऱ्याचं टोक मुठीत. मला आपलं बरं वाटलं, पोरीला आनंदाने झोप येत नाही म्हणून. शेवटी मलाच डोळा लागला.

जाग आली ती ओलं लागल्याने. मी भिजलो होतो, ती भिजली होती. ती उठून बसली होती आणि थरथरत होती, आवाज न करता. म्हणाली, "आता जाल?"

"कुठे?"

"ओली झाली म्हणून."

मी नाही म्हणालो. तिला ते खरं वाटलं नाही, मला दिसत होतं. का वाटावं? कोरडी झाली तेव्हा मी आलो नव्हतो.

माझ्याही बाबतीत झालं होतं असं सांगावं असं तोंडावर आलं. शिडीवर, वाऱ्यात. नाही सांगितलं. चादर बदलली, तिला आणि मला कोरडे कपडे घातले. सकाळी गादी मी स्वतः मागच्या बाजूला टाकली. आई म्हणाली, तिथे ऊन नाही. म्हटलं, वाळेल सावकाश.

४ एप्रिल, गुरुवार. घरी

उद्या जायचं आहे. आज तिला समोर बसवून सांगितलं. उद्या दुपारी तीनला गाडी येईल. मी मुद्दाम दुपारची ठरवलीय, म्हणजे तू जागी असशील. तुला सांगून जाईन. झोपेत जाणार नाही.

तिने विचारलं, "मी झोपले तर?"

"तर उठवीन."

"शप्पथ?"

"शप्पथ."

मग तिने पेलाभर पाणी पिऊन दाखवलं, मी न सांगता. ही स्वयंपाकघरातून बघत होती.

आई मात्र चिडली. "कशाला पोरीच्या डोक्याला घोर? जातानाचं जाताना. तुझा बाप कामावर जायचा तेव्हा काय तुला सांगून जायचा?"

म्हटलं, नाही.

"मग? काय वाईट झालं तुझं?"

मला लहानपणचं फार आठवत नाही. आमच्या जुन्या घराचं दार आठवतं, खालच्या फळीला एक गाठ होती लाकडाची, डोळ्यासारखी. दुसरं काही नाही.

५ एप्रिल, शुक्रवार. गाडीत

अक्षर हलतंय.

जेवायला बसलो तेव्हा ठकी माझ्या मांडीला मांडी लावून बसली होती. या चार रात्री ती नीट झोपलेलीच नाही. जेवता जेवता मान खाली गेली. हातातला घास हातातच. हिने तिला उचलून गादीवर ठेवलं तरी कळलं नाही. तोंड उघडं, हात पसरलेले. मी गेल्यापासून अशी झोपली नव्हती, ही म्हणाली.

आणि गाडी आली. तीनची गाडी अडीचला. गाडीवाला खाली हॉर्न वाजवायला लागला.

आई म्हणाली, "देव पावला. निघ आता, पटकन. आपसूक झोपलीय."

मी हिच्याकडे बघितलं. मला वाटलं ही तरी उठवा म्हणेल. ही म्हणाली, "किती दिवसांनी झोपलीय हो." आणि डोळ्यांत पाणी. हिलाही काय करावं कळत नव्हतं.

परत हॉर्न. मी पिशवी खांद्याला लावली. चपला दाराशी होत्या. त्या उचलायला वाकलो आणि लक्षात आलं, उचलतोय. घालत नाहीये, उचलतोय.

पिशवी खाली ठेवली. गादीपाशी जाऊन तिला हलवलं. उठेना. खांदे धरून बसवलं. आई ओरडली, "वैरी आहेस का पोरीचा?" ठकीने डोळे उघडले. आधी हात गादीवर फिरवला. ओली होती. तोंड एवढंसं झालं.

म्हणालो, "असू दे ओली. त्याचा काही संबंध नाही. मी चाललोय, ठके. तुला सांगून चाललोय. हे बघ, पिशवी. ही बघ गाडी."

तिला कळायला वेळ लागला. आणि कळल्यावर जी रडली. अशी ओरडली की गल्लीतल्या बायका दारात आल्या. माझ्या मानेला विळखा, पोटाला पाय. सोडवून घेताना तिची नखं लागली. हिने मागून तिला धरलं. गाडीवाला हसत म्हणाला, "अहो, गुपचूप निघायचं ना, एवढा कसला तमाशा." जिन्यावरून मला तिचं "नाही, नाही" ऐकू येत होतं, गाडी वळेपर्यंत.

सदरा पोटावर ओला आहे. बाजूचा प्रवासी सरकून बसला.

आईचं बरोबर असेल. झोपलेलं पोर उठवून रडवलं मी. जे टाळायला पहिल्यांदा एवढी हुशारी केली, तेच स्वतःच्या हाताने करून आलो. मला काहीच कळेनासं झालंय.

१४ एप्रिल, रविवार

आठवडाभर फोन करायची हिंमत झाली नाही. ओढ लागेल तिला, असं स्वतःला सांगितलं. आज मामाच म्हणाला, "कर की. एवढा उंच चढतोस आणि बोटभर फोनला भितोस?"

ही म्हणाली, "परवा ओली होती. कालही होती."

म्हटलं, झालं. गेलो, आलो, सगळं मुसळ केरात.

पण हिचा आवाज वेगळाच होता. म्हणाली, "अहो, पण झोपते ती. आडवी झोपते. दाराशी नाही, गादीवर. उठवावं लागतं सकाळी." आणि हसायला लागली, मधेच आवाज फुटला. ओली तर ओलीच ना, त्यात हसण्यासारखं काय आहे. मी हो हो म्हणालो. बायकांचं सगळंच कळतं असं नाही.

मग ठकी आली. मी गादीचं काढलं नाही. मग काय बोलायचं तेच सुचेना. तीच म्हणाली, "बाबा, तुम्ही गेलात ना?"

"हो गं. गेलो."

"मी बघितलं. आईने खिडकीत उचललं. गाडी दुकानापाशी वळली तोपर्यंत दिसत होती." साक्ष दिल्यासारखी सांगत होती, न रडता. मग म्हणाली, "परत कधी येणार?"

जिभेवर दहा उत्तरं आली. लवकरच. तू शहाण्यासारखी वागलीस की. म्हणालो, "स्लॅब पडल्यावर. पावसाच्या आत नाही, ठके. लांब आहे अजून."

ती खूप वेळ काही बोलली नाही. या खेपेला मला फोन कट झालाय असं वाटलं नाही. तिचा श्वास ऐकू येत होता.

"बरं," म्हणाली. आणि मग, "मी खेळायला जाऊ?"

"जा," म्हणालो.

फोन तसाच हातात होता. पलीकडे ती कुणालातरी हाक मारत पळाली ते ऐकू आलं, आणि मग फक्त घरातले आवाज, भांड्यांचे. कुणी फोन ठेवला नाही. मीही ठेवला नाही.

वारा सुटला आहे. मामा खालून म्हणतोय, उतर आता. ब्रेक मोकळा केला. उतरायच्या आधी परत हात लावून बघितला.